देवाच्या दगडातलं शिसं

वाटणीच्या वेळी अण्णाने नदीकडची जमीन घेतली आणि मला माळ दिला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. ‘दिला’ हा शब्द तो वापरतो. मी म्हणतो, माझ्या गळ्यात मारला. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्या माळाला कुणी कुंपणसुद्धा घालत नाही. पूर्वी कधीतरी तिथून मँगनीज काढायचे, त्याचे खड्डे राहिलेत. खड्ड्यांत घाणेरी माजलेली आणि जिकडे बघावं तिकडे काळी ढेकळं. भात आणि ऊस अण्णाच्या वाट्याला, ढेकळं माझ्या. पंचांसमोर त्या दिवशी मी गप्प बसलो. त्यानंतर आजवर कुठल्याही सौद्यात मी गप्प बसलेलो नाही.

मी बेळगावात खासबागेत राहतो. सांबऱ्याच्या रस्त्याला माझं भंगाराचं आवार आहे. सुरुवात केली ती ट्रकमध्ये मँगनीजच्या पाट्या भरण्यापासून. त्या पाट्यांनी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे वजन. डोळे मिटून हातात दिलं तरी तांबं कुठलं, पितळ कुठलं आणि जुन्या बॅटरीतलं शिसं कुठलं हे मी सांगतो. लोक भावात फसवतात, काट्यात फसवतात, पण धातूला आपलं वजन लपवता येत नाही. म्हणून माणसापेक्षा माझा विश्वास धातूवर.

तीन वर्षांपूर्वी माळावर शेड घालावी म्हणून जेसीबी लावला. दुपारपर्यंत निघाली ती नेहमीचीच ढेकळं. मग बकेटीतून एक दगड घरंगळत खाली आला आणि जेसीबीवाल्याने मशीन बंद करून चपला काढल्या. दगड सालासकट मोठ्या नारळाएवढा. काळाभोर. सगळ्या अंगावर गोल गोल फुगवटे, जणू काळ्या द्राक्षांचा घड कुणी मुठीत दाबून एकजीव केला होता. त्याला कुठे कोपरा नव्हता की तुटलेली कड नव्हती. त्याच वेळी आमची आक्का जेवणाचा डबा घेऊन आली. तिने डबा तिथेच बांधावर ठेवला आणि पदर डोक्यावर घेतला.

“देव निघाला रं तम्मा,” ती म्हणाली. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, ती मला याच नावाने हाक मारते.

मी तोवर दगड उचलला होता. उचलतानाच कंबरेला कळलं. मँगनीज मी आयुष्यभर उचललंय, एवढ्या आकाराचं ढेकूळ किती भरेल ते मला ठाऊक. हा त्याहून बराच जड होता. यात दुसरं काहीतरी होतं. पण आक्कासमोर ते बोलण्याची सोय नव्हती.

आक्का आम्हा दोघा भावांहून थोरली. नवरा वारल्यावर माहेरी आली ती अण्णाच्या घरीच राहिली, कारण माझ्याकडे तेव्हा राहायला खोली एक आणि माणसं पाच होती. आम्हाला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलेलं. तिने दगड करंजाच्या झाडाखाली मांडला. करंज नेमका माझ्या माळाच्या आणि अण्णाच्या रानाच्या बांधावर. जागा तिने निवडली असं ती म्हणते. मला तेव्हाही वाटलं आणि आजही अधूनमधून वाटतं की ती अण्णाने सुचवली, म्हणजे उद्या देवाला मान आला तर त्याचा एक पाय त्यात हवा.

मग दर अमावस्येला देवाची आंघोळ सुरू झाली. विहिरीच्या पाण्याने न्हाऊ घालायचं, तेलात शेंदूर कालवून हाताने अंगभर लेप द्यायचा, आंघोळीचं पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं, त्याच हाताने खडीसाखर वाटायची. शेंदराचा डबा मी पुरवायचो. निपाणीत एक रंगवाला आहे, गेट-ग्रिलच्या कामाला मी त्याच्याकडून माल घेतो. त्याच्याकडे शेंदूर डब्याने मिळायचा आणि बाजारातल्या पुड्यांपेक्षा लालभडक. आक्का खूश होती.

पण आक्का सुकत चालली. वर्षभरात तिच्या हातातलं काकण कोपरापर्यंत सरकायला लागलं. तोंडाचा रंग चुलीतल्या राखेसारखा. पोटात कळ यायची तेव्हा भिंतीला टेकून डोळे मिटायची आणि विचारलं की म्हणायची, “वारा धरलाय, जातंय की.” मी काय समजायचं ते समजलो. अण्णाच्या घरात तिला पोटभर मिळत नव्हतं. वैनी, म्हणजे अण्णाची बायको, हाताने आखडती आहे हे सगळ्या भावकीला माहीत. दिवाळीला गेलो तेव्हा ताटावरून उठून मी वैनीला तोंडावर विचारलं, “ह्या घरात म्हाताऱ्या माणसाला जेवायला घालत्यात का नुसतं राबवून घेत्यात?” वैनीने हातातली पळी खाली ठेवली आणि आत निघून गेली. अण्णा त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनासा झाला. मला वाटलं, बरं झालं, वर्मी लागलं.

मला आक्काला खासबागेत आणायचं होतं. एवढं एकच. तिला तिथून हलवलं नाही तर ती वर्षभरात जाईल अशी माझी खात्री झाली होती.

“चल माझ्याकडं,” मी म्हणायचो. “डॉक्टर जवळ, दवाखाना जवळ.”

“आणि देवाचं कोण करणार?”

“देव बी घेऊन चल की.”

“निघालाय तिथंच ऱ्हातोय देव. तुझ्या भंगारात ठेवतोस व्हय त्येला, बॅटऱ्यांच्या शेजारी?”

म्हणून मी ठरवलं, हा देव नाही, याला खाणीतलं नाव आहे, गुण आहेत, हे कागदावर आणून तिच्या हातात द्यायचं. दगड उठला की आक्का उठेल. त्यात माझा दुसरा हेतू नव्हता असं मी म्हणणार नाही. माळात काही दुर्मिळ निघालं तर अण्णाच्या उसाला खाली बघायला लागलं असतं.

निपाणीत एक सर राहतात. आयुष्यभर खाणींवर नोकरी केलेले, आता निवृत्त. त्यांचं जुनं लोखंडी कपाट मी एकदा भंगारात घेतलं होतं. किंमत पटेना तेव्हा त्यांनी कपाटातले दगड काढून एकेकाचा इतिहास सांगितला आणि मला थकवून भाव वाढवून घेतला. असा माणूस लक्षात राहतो. मी त्यांना मोबाईलवर दगडाचा फोटो दाखवला. त्यांनी तो वाजवीपेक्षा जास्त वेळ बघितला, बोटांनी मोठा केला, लहान केला आणि मग म्हणाले, “काही खास नाही. पण आणा एकदा.”

मी मनात म्हटलं, खास नाही तर आणा कशाला? धंद्यात जो मालाला नावं ठेवतो तोच खरा गिऱ्हाईक.

म्हणून आधी त्यांच्याकडे न जाता मी कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत जायचं ठरवलं. त्यांच्याकडे धातू तपासायची गन आहे. पिस्तुलासारखी धरून वस्तूला टेकवायची, घोडा दाबायचा, पडद्यावर कुठला धातू किती ते येतं. आक्काला सांगितलं, देवाला कोल्हापूरला देवीच्या पायाशी लावून आणतो. तिचे डोळे भरून आले. प्रवासाला निघायचं म्हणून तिने देवाला शेंदराचा दुप्पट लेप दिला, लुगड्याच्या धडप्यात गुंडाळला आणि मला तो गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवायला लावून पट्टासुद्धा बांधायला लावला.

कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली. त्याला सीटवरचं गाठोडं दिसलं.

“इदु एनु?” हे काय, त्याने विचारलं.

माळातून काढलेला खनिज दगड म्हटलं असतं तर परवाना, पावती, साहेब, असं तास-दोन तास गेलं असतं. मी म्हणालो, “देवरु, सार.”

त्याने धडपा बाजूला केला, शेंदूर बघितला, टोपी काढली आणि नमस्कार केला. मग बोट कपाळाला लावून मला पुढे जायची खूण केली. देवीच्या देवळापर्यंत मात्र मी गेलो नाही. गाडी लावायला जागा मिळेना, मी लांबूनच हात जोडले.

फाउंड्रीत मी दगड रॉकेलच्या चिंधीने पुसला आणि गन लावायला सांगितली. पडद्यावर मँगनीज आलं, थोडं लोखंड आलं आणि खाली ठळक शिसं. मी ऑपरेटरकडून त्याची चिठ्ठी काढून घेतली. परतीच्या वाटेवर निपाणीला सरांच्या दारात गाडी लावली तेव्हा ती चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात होती.

सरांनी दगड टेबलावर घेतला. भिंग लावून बघितला. चाकूचं टोक बुडाशी घासलं, जेमतेम रेघ उठली. मग एका फरशीचा मागचा खरखरीत भाग घेऊन त्यावर दगड ओढला, काळपट तपकिरी रेघ आली. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती वाचली आणि हसले.

“अहो, शेंदूर म्हणजे काय असतं?”

“शेंदूर म्हणजे शेंदूर.”

“शिशाचं ऑक्साइड. तुम्ही दगडावर शिसं थापलंत आणि मशीनला विचारलंत की शिसं आहे का. ते बिचारं हो म्हणालं.”

“मी पुसलाय.”

“या द्राक्षांच्या बेचक्यांतला कसा पुसणार?”

मला राग आला. माल नेऊन दाखवला की त्यातला दोष काढायचा, मग दया आल्यासारखा अर्धा भाव सांगायचा, ही चाल मी रोज खेळतो. मी म्हणालो, “सर, सरळ सांगा, शिसं आतमध्ये असेल तर ह्याला काय म्हणत्यात?”

मग मात्र ते रंगात आले. “कोरोनाडाइट,” ते म्हणाले. “दुर्मिळ आहे. अमेरिकेतल्या एका खाणीतल्या शिरेवरून नाव पडलं. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या मँगनीजच्या पट्ट्यात सापडल्याची नोंद आहे. जिथे शिशाची आणि मँगनीजची खनिजं जमिनीच्या वरच्या थरात हवापाण्याने कुजतात तिथे हे कधीतरी तयार होतं. पण डोळ्यांनी ओळखता येत नाही. असं समजा, घर मँगनीजचं आहे. मँगनीज आणि ऑक्सिजनच्या भिंती, मधे लांबच लांब बोळ. त्या बोळात पोटॅशियम राहायला आलं तर दगडाचं नाव एक, बेरियम आलं तर दुसरं, शिसं आलं तर हे. बाहेरून सगळी घरं काळीच. भाडेकरू कोण ते आत शिरल्याशिवाय कळत नाही.”

“मग शिरा की आत.”

“त्यासाठी फोडावा लागेल. आतला ताजा तुकडा पाहिजे. दगड दोन महिने माझ्याकडे ठेवा, मी बघतो.”

दोन महिने! मी धडपा गुंडाळला आणि दगड उचलून गाडीत ठेवला. सर दारापर्यंत आले. “अहो, चहा तरी,” म्हणाले. चहा घेतला की माणूस नरम पडतो. मी गाडी सुरू केली.

दगड फोडण्याबद्दल आक्काला मी विचारलं ते आडून विचारलं. बुडाकडची लहानशी ढलपी, दिसणारसुद्धा नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लहानपणासारखा तिच्या ट्रंकेतलं काही चोरताना सापडलो होतो.

“देवाला छिन्नी लावतोस? कुणी शिकिवलं तुला ह्ये?”

“कुणी न्हाय. तूच सांग, तुला कोण शिकिवतंय? अण्णा सांगतोय न्हवं, दगड हलवू देऊ नको म्हणून?”

“अण्णा कशाला सांगंल? त्यो तर येडी म्हणतोय मला.” मग पोट धरून ती खाली बसली. “तू हात लावशील तर मी ह्या झाडाखालनं उठायची न्हाय. सांगून ठेवते.”

मी शिव्या घालत बेळगावला आलो. पण धंद्यातला माणूस रागात असला तरी त्याचं डोकं चालू असतं. न फोडता भाडेकरू ओळखायचा होता. गन शेंदराने फसते, डोळा रंगाने फसतो, पण वजन? शेंदराचा सगळा लेप खरवडला तरी पाव किलो भरणार नाही. एवढ्या दगडात तो काय फरक करणार? पितळेत भेसळ असली की जुने व्यापारी वस्तू एकदा हवेत आणि एकदा पाण्यात लोंबती ठेवून वजन करायचे. पाण्यात जेवढं कमी भरतं तेवढ्याने हवेतल्या वजनाला भागायचं, की वस्तू पाण्याच्या किती पट जड ते येतं. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, “हे मला सुचायला पाहिजे होतं.” ते खरंच सुचलं नव्हतं की मुद्दाम बोलले नव्हते, याचा मी दोन दिवस विचार केला. मग ठरवलं, त्यांनाच साक्षीला बोलवायचं, म्हणजे नंतर शब्द फिरवता येणार नाही.

आक्काला म्हटलं, येत्या अमावस्येला देवाला बुडवून आंघोळ घालू, शहरातले एक सर दर्शनाला येणार आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. ती तयार झाली. “पाय लागू देऊ नका म्हंजे झालं.”

करंजाच्या फांदीला मी माझा लटकता काटा बांधला. सरांनी पिशवीतून त्यांचा काढला.

“माझ्या काट्यावर विश्वास नाही?” मी विचारलं.

“तुमचा तरी कुठे आहे माझ्यावर?”

म्हणून दोन्ही काट्यांवर करायचं ठरलं. मी सरांच्या सांगण्यावरून माझ्या खड्ड्यातलं साधं मँगनीजचं ढेकूळ आधी टांगलं. त्याचं गणित सव्वाचार पट आलं. मग जाळीत घालून देव. हवेत एकवीस किलो दोनशे. खाली विहिरीच्या पाण्याने भरलेलं पिंप. आक्का हात जोडून पुटपुटत होती. देव पाण्यात उतरला, जाळीचे बुडबुडे शांत झाले. सतरा किलो दोनशे. दुसऱ्या काट्यावर तेच, पाच-दहा ग्रॅमचा फरक. चार किलोने एकवीस-दोनशेला भागायला वही लागत नाही.

“पाच पूर्णांक तीन,” सर हळू म्हणाले. “बेरियमवालं पाचच्या आसपास थांबतं. हे त्याच्या वर आहे. शिसं आत आहे. क्ष-किरणांनी बघितल्याशिवाय मी सही करणार नाही, पण तुमचा हात बरोबर होता.”

अण्णा पलीकडे त्याच्या रानात खोरं धरून उभा होता. बघत नसल्यासारखं बघत होता. मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, “आक्का, ऐकलंस? देव न्हवं. मँगनीज आणि शिसं हाय त्यात. लई दुर्मिळ दगड हाय, सर सांगाय लागल्यात.”

“बरं मग?” आक्का म्हणाली. “माणूस बी हाडं आणि रगातच की. म्हणून काय आक्का म्हणायचं सोडलंस व्हय मला?”

सर हसले. मला हसू आलं नाही. महिनाभराची खटपट तिने एका वाक्यात पालथी घातली होती. तिने पिंपातलं पाणी तांब्यात घेतलं, त्यातलं चूळभर स्वतःच्या हातावर घेतलं आणि तोंडाकडे नेलं.

“थांबा!” सर ओरडले.

आक्काचा हात तिथेच राहिला. सरांनी पिंपाच्या काठावर बोट फिरवलं. पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि तवंगावर बारीक लाल भुकटी. “हे तुम्ही दर वेळी पिता?”

“तीर्थ हाय ते.”

“पिऊ नका. एक थेंबसुद्धा नको. शिसं विष आहे.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला असं मला वाटलं. वजन पटलं, दगड खरा निघाला, आता म्हाताऱ्या बाईला घाबरवून तो इथून काढायचा, आणि जायचा कुठे, तर निपाणीच्या कपाटात. मी सरांच्या अंगावर गेलो. “सर, दगड पायजे असला तर भाव बोला. माझ्या बहिणीला भेडसावायचं न्हाय.”

सरांचा चेहरा लाल झाला. “दगड राहू दे तुमचा. दगडाने काही केलेलं नाही. त्याच्यातलं शिसं भिंतीआड कोंडलेलं आहे, साध्या पाण्याने ते बाहेर येत नाही. उलट अशी मँगनीजची खनिजं मातीतलं शिसं धरून ठेवतात. मी शेंदराबद्दल बोलतोय. ही भुकटी सुटी आहे, हाताला लागते, तोंडात जाते. कुठून आणता हा शेंदूर?”

“ह्योच आणतोय की,” आक्का माझ्याकडे बोट करून म्हणाली, मोठ्या कौतुकाने. “डबाभर.”

तिने झाडामागून डबा आणला. सरांनी तो फिरवून बघितला आणि माझ्या हातात दिला. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत छापलं होतं, लोखंडाच्या रंगकामासाठी, औद्योगिक वापरासाठी. रंगवाल्याने मला शेंदूर म्हणून कधी विकलाच नव्हता. तो रेडलेड म्हणायचा, म्हणजे शिशाचा लाल रंग. शेंदूर मी म्हणालो होतो. आणि तो डबा मी किती वेळा उचलला होता! एवढासा डबा आणि एवढं वजन. दर वेळी माझ्या हाताला ते कळलं होतं आणि दर वेळी मी खूश झालो होतो, की माप भरपूर देतो बुवा.

सरांनी आक्काला विचारलं, “पोट आवळून दुखतं का? बद्धकोष्ठ? हातापायात जोर नाही?”

आक्का लाजली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “ह्यास्नी कुणी सांगितलं रं?”

दुसऱ्याच दिवशी तिला बेळगावला आणलं. रक्त तपासायला बाहेर पाठवलं. ते येईपर्यंत ती माझ्या घरी राहिली, ज्यासाठी मी एवढं केलं होतं, आणि तिने रोज सकाळी विचारलं की गावाकडची गाडी कितीला. रिपोर्टमध्ये शिसं आलं, बरंच. डॉक्टर म्हणाले, आधी आत जाणं बंद करा, औषध देतो, हळूहळू उतरेल. कुणामुळे ते त्यांनी विचारलं नाही.

मग सर आमच्या गावी आले; आक्काच्या हट्टामुळे तिलाही मी त्या दिवसापुरतं करंजाखाली नेलं होतं. सरांनी हातमोजे घालून दगडावरचा सगळा लाल थर ओल्या ब्रशने काढला आणि पिशवीत बांधला. त्या वेळी बुडाचा एक द्राक्षाएवढा मणी आपोआप सुटून हातात आला. मी तिथे होतो, तरीही तो खरंच आपोआप सुटला का, मला सांगता येणार नाही. आक्काने तो उचलला, कपाळाला लावला आणि सरांना दिला. “त्येनं दिलाय, न्या.” मण्याच्या तुटक्या तोंडाशी बारीक काळे तंतू दिसत होते, आतून बाहेर पसरलेले. महिन्याभराने सरांचा फोन आला. कोरोनाडाइट, थोडी मिसळ आहे, पण कोरोनाडाइट. ते फोनवर लहान मुलासारखे बोलत होते. मी “बरं” म्हणालो. किंमत विचारली नाही.

आक्काला जरा बरं वाटायला लागल्यावर ती मला म्हणाली, “मला घरी सोड.”

“हे घर न्हाय व्हय?”

“हाय की. पण माझं अंथरूण तिकडं हाय.”

मी तिला घेऊन अण्णाच्या दारात गेलो. दिवाळीनंतर पहिल्यांदा. अण्णा सोप्यात बसला होता, उठला नाही, पण पाठही फिरवली नाही. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा राहिलो. वैनी भाकरी थापत होती.

“वैनी,” मी म्हणालो. “आक्काचं दुखणं जेवणाचं नव्हतं. माझ्या डब्याचं होतं. मी तुम्हाला बोललो ते चुकून बोललो.”

तिने भाकरी उलटली. “मला ठावं हाय. सर आल्तं तवा सांगून गेल्यात.”

“तुम्ही पण घेतलं असंल तीर्थ. तुमचं रक्त बी तपासून घेऊ. पोरांचं बी.”

“आमी कशाला घेतोय? तुमी आणलेल्या वस्तूला दिवाळीपास्नं ह्या घरात कुणी हात लावत न्हाय. पोरांस्नी बी लावू दिला न्हाय. आक्कांस्नी सांगून दमलो, त्या ऐकत्यात व्हय? म्हणत्यात, माझ्या तम्मानं आणलाय.”

सोप्यातून अण्णा खाकरला. हसला की काय, कळलं नाही.

“तरी दिवाळीच्या आधी दोन वर्षं घेतलंच असंल,” मी म्हणालो. “मी सगळ्यांस्नी बेळगावला न्हेतो.”

“बघू,” वैनी म्हणाली. ते नाही म्हणणं नव्हतं. मागून आक्काचा आवाज आला, “आता देवाला लावायचं काय? उघडा बसिवलाय त्येला.” वैनीने हात धुतले, फळीवरची बरणी काढली आणि कागदावर हळद ओतून पुडी बांधली. घरच्या रानातली, घरी कांडलेली हळद.

हळदीतही पिवळा रंग मिसळतात आणि त्या रंगातही शिसं असतं, हे मला सरांनीच सांगितलं होतं. मी पुडी हातात घेतली. नकळत तळहातावर जरा वर-खाली केली.

वैनीने ते बघितलं. “न्या,” ती म्हणाली, “ह्येला बी तुमची बंदूक लावून बघा. मग लावा म्हणावं देवाला.”

मी पुडी खिशात घातली आणि आक्काला सांगितलं, दोन दिवस थांब.